मेल गेला, पण पोचला का?

शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत उलटते. विद्यार्थी म्हणतो, ‘मेल पाठवला होता.’ विद्यापीठाचं कार्यालय म्हणतं, ‘आलाच नाही.’ अनेकदा दोघंही खरं बोलत असतात. मेल सर्व्हरपर्यंत आलेला असतो आणि तिथल्या गाळणीत अडकलेला असतो.

ही गाळणी लागते कशाला? ईमेलची ने-आण ज्या एसएमटीपी नियमांवर चालते, ते १९८२ सालचे. तेव्हा संगणकांच्या जाळ्यावर मोजकी मंडळी होती, त्यामुळे पाठवणाऱ्याचं नाव पडताळण्याची सोय त्यात ठेवलीच नाही. कुलगुरूंच्या नावाने कुणीही मेल धाडावा!

म्हणून पहिली चौकशी मजकुराची होत नाही, मेल आणणाऱ्या सर्व्हरची होते. त्याचा आयपी पत्ता स्पॅमहाउससारख्या संस्थेच्या काळ्या यादीत असला, तर बहुधा दारातूनच परत. मेल घेणाऱ्या काही संस्था अनोळखी सर्व्हरला ‘थोड्या वेळाने या’ असं कळवतात. नीट चालवलेला सर्व्हर पुन्हा येतो, घाऊक कचरा टाकणारा सहसा येत नाही.

मग ओळख तपासतात. डोमेनच्या, म्हणजे पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाच्या, मालकाने आपल्या नावाने मेल पाठवू शकणाऱ्या सर्व्हरची यादी जाहीर केलेली असते, ती एसपीएफ. मेलवरची डिजिटल सही म्हणजे डीकेआयएम. ‘प्रेषक’ म्हणून दिसणाऱ्या पत्त्याशी यातलं काहीच जुळलं नाही तर काय करावं, हे डीमार्क सांगतं. जीमेलवर दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी २०२४पासून हे तिन्ही सक्तीचं केलं. पण यातून कळते ती ओळख, हेतू नाही. बँकेच्या नावात एखादंच अक्षर बदलून घेतलेल्या डोमेनवरून भामटाही तिन्ही परीक्षा पास होतो. उलट एका खात्यावरून दुसऱ्याकडे आपोआप वळवलेला प्रामाणिक मेल एसपीएफमध्ये नापास होऊ शकतो, कारण तो आता यादीबाहेरच्या सर्व्हरवरून येतो.

त्यानंतर मजकूर. शब्द, दुवे, जोडलेल्या फायली यांवरून गुण दिले जातात. संशयास्पद फाइल वेगळ्या, बंदिस्त संगणकावर उघडून ती काय करते ते पाहतात. शेवटी हा सगळा शक्यतेचा हिशेब आहे, त्यामुळे चुका होणारच.

चूक झाल्यावर संस्था काय करते, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. सर्व्हरने मेल दारातच ५५० या सांकेतिक आकड्याने नाकारला, तर पाठवणाऱ्याला सहसा ते कळतं. एकदा आत घेऊन मग मागाहून नकार कळवणं मात्र अवघड, कारण प्रेषकाचा पत्ता खोटा असला तर ते उत्तर भलत्याच निरपराध माणसाच्या माथी जातं. म्हणून आत आलेला संशयित मेल वेगळा काढून ठेवतात आणि ठरावीक दिवसांनी पुसतात. त्या अडकलेल्या मेलची यादी ज्याच्यासाठी ते आले त्याला रोज मिळायला हवी. ती सोय बऱ्याच यंत्रणांमध्ये असते. प्रवेश आणि शिष्यवृत्ती विभागात तरी ती चालू ठेवून रोज यादी पाहणारा एक माणूस नेमावा.