पाण्याचे मोती आणि रंगाचं संरक्षण: आपण नेमकं काय मोजतोय?

गाडीच्या रंगावर मारायचा स्प्रे सीलंट आता ॲक्सेसरीजच्या दुकानात सहज मिळतो. त्याची जाहिरातही ठरलेली असते. बॉनेटवर पाणी ओतलं की त्याचे टपोरे मोती होतात आणि घरंगळून जातात, आणि खाली ओळ येते: ‘रंगाचं संरक्षण’. तुम्ही पीएचडीची तयारी करत असाल तर इथे जरा थांबा. मोती होणं ही आपल्याला दिसलेली गोष्ट आहे, तर संरक्षण हा दावा आहे. पहिलीवरून दुसरा सिद्ध होतो का? संशोधन आराखडा मांडताना समिती तुम्हाला हाच प्रश्न विचारणार आहे, फक्त विषय तुमचा असेल.

मोती का होतात?

पाण्याचे रेणू एकमेकांना चांगलेच धरून असतात. २५ अंश सेल्सिअसला पाण्याचा पृष्ठताण साधारण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. पृष्ठभागाने पाण्याला पुरेसं ओढलं तर थेंब पसरतो, नाहीतर तो गोळा होऊन बसतो. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते तो स्पर्शकोन. टॉमस यंग यांनी १८०५ मध्ये या कोनाचा संबंध पृष्ठभागांच्या ऊर्जेशी जोडला. कोन ९० अंशांपेक्षा जास्त असेल तर पृष्ठभागाला जलविरोधी म्हणतात.

बऱ्याच स्प्रे सीलंटमध्ये सिलिकॉन वर्गातले पॉलिमर असतात. त्यांचा पातळ थर रंगाची पृष्ठऊर्जा कमी करतो आणि स्पर्शकोन वाढतो. पण अगदी गुळगुळीत पृष्ठभागावर हा कोन १२० अंशांच्या फारसा पुढे जात नाही. अळूच्या पानावर तो १५० च्या वर जातो, कारण तिथे मेणासोबत सूक्ष्म खडबडीतपणाही असतो.

अजून एक बारकावा आहे. थेंब गोल दिसला म्हणजे तो घरंगळेलच असं नाही. गुलाबाच्या पाकळीवर पाणी छान गोल बसतं आणि पाकळी उलटी केली तरी चिकटून राहतं. घरंगळणं अवलंबून असतं ते थेंबाच्या पुढे सरकणाऱ्या आणि मागे हटणाऱ्या कडांच्या कोनांमधल्या फरकावर. म्हणजे एकाच ‘मोती’ शब्दात इथेच दोन वेगळी मोजमापं लपली आहेत.

मग संरक्षणाचं काय?

‘संरक्षण’ हा शब्द मोजता येत नाही. कशापासून संरक्षण, हे आधी फोडून लिहावं लागतं.

ओरखडे: गाडीच्या रंगावरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. स्प्रे सीलंटचा थर सहसा एका मायक्रॉनपेक्षाही कमी असतो. फडक्याखाली अडकलेला वाळूचा कण याच्या कितीतरी पट मोठा आणि कठीण असतो. हा थर त्याला थेट अडवेल, अशी अपेक्षाच चुकीची आहे. कोटिंगच्या बाटल्यांवर दिसणारं ‘९एच’ हे पेन्सिलच्या कठीणपणाचं माप आहे, हिऱ्याच्या मोजपट्टीवरचं नव्हे.

ऊन: बीअर-लॅम्बर्ट नियमानुसार शोषण थराच्या जाडीच्या प्रमाणात असतं. अतिनील किरण शोषणारं तेच द्रव्य तेवढ्याच संहतीत असेल, तर १ मायक्रॉनच्या थराचं शोषणांक ५० मायक्रॉनच्या थराच्या पन्नासावा भाग भरेल. आकडेमोड एका ओळीची आहे, पण दावा वाचताना ती करायची सवय लागली पाहिजे.

पाण्याचे डाग: इथे तर गंमत उलटीच आहे. बोअरच्या जड पाण्याने गाडी धुऊन उन्हात तशीच सोडली, तर प्रत्येक मोती जागेवर सुकतो आणि क्षारांचं पांढरं कडं मागे ठेवतो. जे मोती संरक्षणाची खूण मानले, तेच इथे डाग पाडतात.

धूळ-चिखल: इथे मात्र दाव्याला आधार मिळण्याची शक्यता आहे. कमी पृष्ठऊर्जेच्या थराला घाण कमी चिकटते, म्हणून धुताना कमी घासावं लागतं, आणि म्हणून ओरखडेही कमी पडू शकतात. हे तपासता येण्याजोगं गृहीतक आहे.

मोती हे सूचक म्हणून का फसतात?

थर शाबूत आहे, पण वर धूळ किंवा शाम्पूचा अंश राहिलाय: मोती होत नाहीत. थर कधीच निघून गेलाय, पण मेणयुक्त शाम्पूने गाडी धुतलीय: मोती होतात. म्हणजे सूचक दोन्ही बाजूंनी चुकतं.

प्रयोग कसा आखाल?

एकाच बॉनेटचे मास्किंग टेपने दोन भाग करा. दोन्ही भाग सारखेच धुवा, पुसा आणि डीग्रीज करा. नाहीतर फरक सीलंटचा की नुसत्या स्वच्छतेचा, हे कळणार नाही. कोणत्या भागावर सीलंट मारायचा, ते नाणं उडवून ठरवा. सीलंट सावलीत, पत्रा थंड असताना मारा. गरम पत्र्यावर द्रावक लवकर उडतो आणि पट्टे उमटतात. ठरावीक क्षेत्रफळाला ठरावीक फवारे, मायक्रोफायबरने पातळ पसरवणं, दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसणं, आणि लेबलवर दिलेल्या वेळेपर्यंत पाणी न लागू देणं: यातली प्रत्येक पायरी वहीत नोंदवा. दुसऱ्या भागावरही तितक्याच वेळा फडकं फिरवा, कारण पुसण्याचाही परिणाम होतो.

चकाकी ग्लॉसमीटरने आधी आणि नंतर मोजा. मोजणाऱ्याला कोणता भाग कोणता हे सांगू नका. आणि एकाच बॉनेटवर घेतलेली २० वाचनं म्हणजे २० नमुने नव्हेत. ती एकाच नमुन्याची पुनरावृत्ती आहे. नमुने वाढवायचे तर गाड्या वाढवाव्या लागतील. ही गफलत पुढे तोंडी परीक्षेत लक्षात आली, तर काही वर्षांची विदा पुन्हा गोळा करायची वेळ येऊ शकते.

आता कागदावर तीन रकाने आखा: माझा दावा, मी प्रत्यक्ष मोजणार ती गोष्ट, आणि दोन्हींना जोडणारं कारण. तुमचा विषय पेशींचा असो, मातीचा असो वा मिश्रधातूंचा, तिन्ही भरून पाहा. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर उपकरणाची वेळ बुक करण्याआधी मार्गदर्शकांकडे जा. दावा लहान करायचा की मोजमाप बदलायचं, हे त्यांच्याशी बोलून ठरवा.