पाणी जड, केस राठ

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांची डोकी खाजू लागली आणि तीन-चार दिवसांत हातात केसांचे पुंजके यायला लागले. बाया, माणसं, शाळकरी पोरं, कुणीच सुटलं नाही. पहिला संशय गेला पाण्यावर. तो जाणारच होता. हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. इथलं बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. नमुने तपासले तेव्हा नायट्रेट आणि क्षार जास्त निघालेच.

पण जड पाणी केस राठ करतं, तीन दिवसांत टक्कल पाडत नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तिथल्या लोकांचं रक्त, लघवी, केस आणि रेशनचा गहू तपासून घेतला. त्या गव्हात सेलेनियम भरमसाट असल्याचा निष्कर्ष त्यांनी २०२५ च्या फेब्रुवारीत मांडला. सेलेनियम शरीराला कणभर लागतं. जास्त झालं की केस जातात, नखं जातात. पुढे काहींची नखंही गळाली. गावं मात्र तोवर हेटाळणी सोसून बसली होती, आणि याची चीड यायलाच हवी.

पाण्याचा खरा दोष वेगळा आहे. खारं पाणी मिठामुळे खारं. जड पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे जड. आपल्याकडे बऱ्याच विहिरी-बोअरना दोन्ही खोडी आहेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे २०० मिलिग्रॅम कठीणपणा चालतो. दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत. अशा पाण्यात साबण फेसाळत नाही. त्याचा कॅल्शियमशी संयोग होऊन पांढरट, चिकट साका बनतो आणि तो केसांत बसतो. शाम्पूचा असा साका होत नाही, पण कॅल्शियम स्वतःच केसाला चिकटतं. रंगवलेल्या किंवा सरळ करून घेतलेल्या केसांना जास्तच. मग फणी अडकते, केस गुंततात, तुटतात. केस खरंच कमजोर होतो का, यावर एकमत नाही: २०१३ मध्ये कोईमतूरच्या अभ्यासात केसाच्या ताकदीत फरक दिसला नाही, २०१८ च्या पाकिस्तानातल्या अभ्यासात दिसला.

म्हणून फणीतला केस उजेडात धरून पाहा. टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून आलाय. नसेल तर मधूनच तुटलाय. तुटण्याचा दोष पाण्याला देता येईल. मुळापासून गळत असेल तर रक्त, थायरॉइड, आहार, आजारपण असं बघावं लागतं. आणि चकत्यांच्या चकत्या जात असतील तर बोअरला बोल न लावता त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

राठपणावर उपाय आहेत, फार खर्चिकही नाहीत. डोक्याला अंगाचा साबण लावणं आधी बंद. आजीचा रिठा इथे खरोखर कामाचा आहे, कारण त्याच्या फेसाचा जड पाण्यात साका होत नाही. शाम्पू घेताना वेष्टनावर ‘ईडीटीए’ लिहिलंय का पाहा. ते कॅल्शियम धरून ठेवतं. पंधरवड्यातून एकदा मगभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस घालून शेवटचा हात फिरवावा आणि लगेच साध्या पाण्याने धुवावं. डोक्याला जखम असेल तर नको. पाणी उकळल्याने जडपणा थोडाच उतरतो, कारण सल्फेट-क्लोराइडचा भाग तसाच राहतो. तुरटीने गढूळपणा जातो, जडपणा नाही. नळाला लावायच्या कोळशाच्या फिल्टरचंही तेच. जडपणा घालवायला रेझिनचं सॉफ्टनर लागतं.

घरात आरओ असेल तर त्याच्या बाजूच्या नळीतून वाया जाणारं पाणी बादलीत धरून केस धुऊ नका. गाळून काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. त्या पाण्याने फरशी पुसा, आणि शुद्ध पाण्याचे दोन तांबे शेवटी डोक्यावर घ्या. पावसाळ्यात तेही नको: पहिली सर पत्र्याची धूळ धुऊन गेली की पुढच्या पावसाचं पाणी पिंपात धरावं. केस धुवायला त्याहून मऊ पाणी खारपाणपट्ट्यात दुसरं नाही.