प्लॅस्टिकचा कण आणि न लागू पडणारे औषध

मारेगाव तालुक्यातील कोणत्याही वावराचा धुरा पाहा. बियाण्यांची फाटकी पाकिटे, खताच्या पोत्यांच्या चिंध्या, ठिबकच्या तुटक्या नळ्या पडलेल्या दिसतील. उन्हाने त्या तडकतात, वखराने त्यांचे तुकडे होतात आणि पावसाचे पाणी ते तुकडे नाल्यात, नाल्यातून वर्धा नदीकडे नेते. प्लॅस्टिक लवकर कुजत नाही, ते बारीक मात्र होत जाते. पाच मिलिमीटरहून लहान तुकड्याला सूक्ष्मप्लॅस्टिक म्हणतात. 2018 साली महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली खरी. पण जे आधीच मातीत गेले ते बाहेर कोण काढणार?

आता आपण म्हणाल, या कचऱ्याचा आणि दवाखान्यातल्या गोळीचा काय संबंध? संबंध आहे तो जंतूंच्या बिऱ्हाडाचा.

पाण्यातल्या सुट्या जंतूला टेकायला जागा हवी असते. रांजणाच्या आतल्या अंगाला जो बुळबुळीत थर हाताला लागतो, तो अशा टेकलेल्या जंतूंचाच. तसाच थर प्लॅस्टिकच्या कणावर बसतो. पाने, काटक्या कुजून जातात. हे बिऱ्हाड टिकते आणि पाण्याबरोबर गावोगाव फिरते. थराच्या आत औषध सहजी शिरत नाही. शिवाय तेथे नाना जातींचे जंतू दाटीने राहतात. एखाद्याजवळ औषधाला दाद न देण्याचा गुण असला, तर तो आपल्या संततीलाच नव्हे, परजातीच्या शेजाऱ्यालाही देऊ शकतो! हा गुण पुष्कळदा डी.एन.ए.च्या एका लहानशा कड्यावर असतो आणि त्या कड्याची नक्कल शेजाऱ्यात उतरते. शिक्षकांनी वर्गात परीक्षेतल्या कॉपीचा दाखला द्यावा. मुलांना तो लवकर कळतो.

अमेरिकेतील बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2025 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ई. कोलाय नावाचे जंतू त्यांनी सूक्ष्मप्लॅस्टिकसोबत वाढवले. औषध घातलेले नसतानाही दहा दिवसांत ते एकाहून अधिक प्रतिजैविकांना दाद देईनासे झाले. आपल्या थर्माकोलच्या पत्रावळी ज्याच्या बनतात, त्या पॉलिस्टायरिनचा परिणाम ठळक दिसला. हा प्रयोग काचेच्या भांड्यातला, नाल्यातला नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

पण नाल्यात तर औषधही येऊन मिळते. पऱ्हाटीवर जिवाणूजन्य करपा आला की स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनची मिश्र पूड फवारण्याची चाल आहे. ही दोन्ही माणसाची औषधे. स्ट्रेप्टोमायसिन तर क्षयावरचे. शेतीतील त्यांच्या वापरावर बंदी घालण्याचा मसुदा केंद्र सरकारने 2021 साली काढला. कोंबड्यांच्या खाद्यातील कोलिस्टिन 2019 सालीच बंद करण्यात आले. सर्दीपडशासाठी दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांचा अंशही संडासावाटे पाण्यात जातो. प्लॅस्टिकचा कण अशी औषधे अंगाला धरून ठेवतो, म्हणजे बिऱ्हाड आणि औषध एकाच जागी!

2019 या एका वर्षात जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे दगावली, असा अंदाज आहे. विळा लागून चिघळलेला हात किंवा बाळंतिणीचा ताप, यांत गोळी लागू पडली नाही तर काय होते, हे प्रतिजैविकांपूर्वीच्या काळातील म्हाताऱ्यांनी पाहिले होते.

फवारणीचे उरलेले पाणी नाल्यात ओतू नये आणि पहिल्या वखरणीपूर्वी धुऱ्यावरच्या चिंध्या वेचाव्यात. शाळेत नाल्याच्या पाण्याच्या बाटलीत पिशवीचा एक तुकडा आठ दिवस ठेवावा, मग काडीने खरवडून दाखवावा. हात मात्र लावू देऊ नये.