कृती एक, वाटा अनेक

संगणकावर निबंध लिहीत असता एखादा परिच्छेद वरून खाली न्यावयाचा असतो. कोणी मेनू उघडून ‘कट’ या शब्दावर माऊसचा बाण नेतो. कोणी डाव्या करंगळीने कंट्रोल कळ दाबून धरतो व दुसऱ्या बोटाने एक्स दाबतो. दोघांचेही काम होते. परंतु एकच प्रोग्राम विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही जातींच्या संगणकांवर चालावा अशी इच्छा धरली, म्हणजे ही साधी गोष्ट बरीच अवघड होऊन बसते. ती कशी, हे विद्यार्थिमित्रांपुढे मांडावे असा आमचा विचार आहे.

नवशिका प्रोग्राम-लेखक मेनूतील शब्दामागे एक सूचनावली लिहितो आणि कळींच्या जोडीमागे तीच पुन्हा लिहितो. मग मेनूतील शब्द फिकट होऊन निजलेला असतो, आणि कळ मात्र आपले काम करीतच राहते! म्हणून १९९५ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘क्यूटी’सारख्या साधनसंचांत ‘कृती’ ही स्वतंत्र वस्तू मानतात. तिचे नाव, तिचे चित्र, तिची कळ आणि ती या क्षणी करता येण्याजोगी आहे की नाही, हे सर्व एकाच ठिकाणी नोंदलेले असते. मेनू व कळफलक ही केवळ तिच्याकडे जाण्याची दारे होत. कृती निजली की दोन्ही दारे एकदमच मिटतात.

खरी अडचण कळींच्या निराळ्या कुळाचारांत आहे. कंट्रोल कळ ही टेलिप्रिंटरच्या काळापासून चालत आलेली. युनिक्स संगणकांच्या टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि सी दाबले की चालू असलेला प्रोग्राम थांबे, आजही थांबतो. पुढे १९७०च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कट, कॉपी व पेस्ट यांची पद्धत रूढ केली. ॲपलने ती उचलली. पण मॅकिंटॉशवर (१९८४) तिच्यासाठी कंट्रोल न घेता एक निराळीच कळ ठेवली, तीच कमांड कळ. तिची खूण म्हणून मेनूत सफरचंद काढण्याचा बेत होता; परंतु पडद्यावर सफरचंदांची फार गर्दी होते अशी हरकत स्टीव्ह जॉब्ज यांनी घेतली. तेव्हा सुझन केअर यांनी चिन्हांचा कोश चाळून, स्वीडनमध्ये प्रेक्षणीय स्थळ दाखविण्यासाठी वापरतात ती चार वेटोळ्यांची खूण निवडली. विंडोजने मात्र पुढे हीच अक्षरे कंट्रोल कळीला जोडली. परिणाम असा की, मॅकच्या टर्मिनलमध्ये कॉपी करणे व प्रोग्राम थांबविणे यांचा तंटा नाही. लिनक्सच्या बहुतेक टर्मिनलांत मात्र कॉपीसाठी शिफ्ट कळही दाबावी लागते.

मग मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड घातले की झाले, असे कोणास वाटेल. क्यूटी हा बदल आपण होऊनच करते, आणि ‘इलेक्ट्रॉन’ या साधनात तर ‘कमांड किंवा कंट्रोल’ असेच लिहिण्याची सोय आहे. परंतु तेवढ्याने भागत नाही. विंडोजवरील अनेक संपादकांत कंट्रोल व एच म्हणजे शब्द बदलणे. तीच जोडी डोळे मिटून मॅकवर नेली, तर कमांड व एच हा तेथे संपूर्ण प्रोग्राम दृष्टीआड करण्याचा संकेत आहे. बिचाऱ्या लेखकाचा निबंध पडद्यावरून नाहीसा होतो. रद्द केलेली गोष्ट पुन्हा करावयाची, तर विंडोजवर कंट्रोल व वाय. मॅकवर कमांड, शिफ्ट व झेड. प्रोग्राममधून बाहेर पडण्याचा शब्द विंडोजवर फाइल मेनूच्या तळाशी असतो, तर मॅकवर प्रोग्रामच्या स्वतःच्या नावाच्या मेनूत. म्हणून जाणता लेखक कळीचे नाव न लिहिता ‘पुन्हा करा’, ‘बाहेर पडा’ असा हेतूच लिहितो, आणि कळ निवडण्याचे काम साधनसंचावर सोपवितो. आमच्या मते परक्याच्या घरी पाटावर बसावे की खुर्चीवर, हे घरच्यांनी ठरवावे तसेच हे आहे.

मराठी लिहिणाऱ्यांचा एक प्रश्न याहून जवळचा आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर सीच्या कळीवर ‘म’ येतो व एसच्या कळीवर एकाराची मात्रा. प्रोग्राम जर ‘एस हे अक्षर आले काय?’ एवढेच विचारीत असेल, तर मराठीत लिहिता लिहिता कंट्रोल व एस दाबणाऱ्यास उत्तर मिळते, ‘नाही, मात्रा आली.’ निबंध जतन झाला अशा समजुतीने तो निर्धास्त राहतो, आणि वीज गेली की तासाभराचे श्रम वाया जातात. वस्तुतः विंडोजमध्ये प्रत्येक कळीला, तिच्यातून उमटणाऱ्या अक्षराहून निराळा, स्वतःचा क्रमांक असतो; प्रोग्रामने तो पाहिला की मराठी असो वा इंग्रजी, कळ ओळखू येते. जेथे हे पाहिलेले नसते, तेथे लिहिणाऱ्यास फाइल मेनू उघडून ‘सेव्ह’ या शब्दावरच बाण न्यावा लागतो. तो शब्द मात्र कळफलक कोणत्या लिपीचा आहे हे विचारीत नाही.