रहस्यकथा-सम्राटाची शिल्लक

१९३२ च्या फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेत निधन पावलेल्या एडगर वॉलेस या इंग्रज लेखकाचे पार्थिव 'बेरेंगेरिया' बोटीने मायदेशी आणण्यात आले, तेव्हा लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील वृत्तपत्र कचेऱ्यांचे ध्वज अर्ध्यावर उतरविण्यात आले होते. हा मान एखाद्या पंतप्रधानाला शोभावा असा होता. इंग्लंडात वाचल्या जाणाऱ्या दर चार पुस्तकांमागे एक वॉलेसचे असते, असे त्या काळी अभिमानाने सांगितले जाई. त्यातला जाहिरातीचा भाग वजा केला तरी त्याची लोकप्रियता वादातीत होती. अखेरच्या वर्षांत त्याची वार्षिक मिळकत पन्नास हजार पौंडांच्या घरात गेली होती, असे म्हणतात. असा हा लेखक मागे काय ठेवून गेला? शिल्लक अशी काही नव्हतीच. होते ते लाख पौंडांच्या घरातले कर्ज! आणि त्याहूनही विलक्षण गोष्ट अशी, की त्याने हयातभर ज्या कर्जाशी झुंज दिली ते कर्ज त्याच्या मृत्यूनंतर सुमारे दोन वर्षांत त्याच्याच पुस्तकांच्या रॉयल्टीतून फिटले.

मिळकत आणि मालमत्ता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षात शिकविले जाते. मिळकत हा प्रवाह, मालमत्ता हा साठा. नदीला पूर आला म्हणून गावची विहीर भरतेच असे नाही. परंतु परीक्षेपुरता पाठ केलेला हा भेद माणसाच्या आयुष्यात केवढा अनर्थ घडवू शकतो, हे पाहावयाचे असेल तर वॉलेसच्या चरित्राइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

दारिद्र्याची शाळा

वॉलेसचा जन्म १ एप्रिल १८७५ रोजी लंडनमधील ग्रिनिच येथे झाला. आई नाटक कंपनीतली नटी, मूल विवाहबाह्य संबंधातून झालेले. काही दिवसांच्या या अर्भकाला बिलिंग्जगेटच्या मासळीबाजारात काम करणाऱ्या फ्रीमन नावाच्या गृहस्थाच्या कुटुंबाने आपलेसे केले. बाराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली. लडगेट सर्कसच्या चौकात वर्तमानपत्रे विकणे, रबराच्या कारखान्यात राबणे, मासेमारी बोटीवर नोकरी, घरोघर दूध घालणे, असे अनेक उद्योग त्याने केले. १८९४ मध्ये तो सैन्यात शिरला आणि १८९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जाऊन पोहोचला. तेथेच तो लिहू लागला, पैसे भरून सैन्यातून मोकळा झाला आणि बोअर युद्धाचा बातमीदार म्हणून गाजला. १९०२ मध्ये 'रँड डेली मेल' या पत्राचा तो पहिला संपादक झाला. पण हाती पैसा येण्याआधी तो खर्च करण्याची सवयही तेथेच जडली. १९०३ मध्ये तो लंडनला परतला तो डोक्यावर कर्ज घेऊनच.

पाचशे पौंडांचे बक्षीस

१९०५ साली त्याने 'द फोर जस्ट मेन' ही रहस्यकादंबरी लिहिली आणि ती स्वतःच प्रकाशित केली. बंद खोलीतल्या मंत्र्याचा खून कसा झाला हे ओळखणाऱ्या वाचकांसाठी त्याने एकूण पाचशे पौंडांची बक्षिसे जाहीर केली. जाहिरातीवर वारेमाप खर्च झाला. कादंबरी हातोहात खपली. परंतु एकाच क्रमांकाची अनेक अचूक उत्तरे आली तर काय करावयाचे, याची तरतूद स्पर्धेच्या नियमांत करावयाची राहून गेली होती. अचूक उत्तरे ढिगाने आली. बक्षिसे देता देता लेखक बुडू लागला आणि अखेर 'डेली मेल'चे मालक हार्म्सवर्थ यांच्याकडून कर्ज घेऊन त्याला आपली व पत्राची अब्रू राखावी लागली. या संकटात त्याने त्या कादंबरीचे हक्क शंभर पौंडांहूनही कमी किमतीला विकून टाकले. पुढे ती कादंबरी वर्षानुवर्षे विकली जात राहिली.

येथे दोष केवळ वॉलेसच्या उधळ्या स्वभावाचा मानणे एकांगी ठरेल. कर्जबाजारी शेतकरी सणासुदीच्या गरजेपोटी उभे पीक व्यापाऱ्याच्या घशात घालतो, तेव्हा त्याला पिकाची खरी किंमत ठाऊक नसते असे नाही. सुगीपर्यंत थांबण्याची ऐपत त्याच्यापाशी नसते, एवढेच. लेखकाची गत याहून वेगळी नाही. पुस्तक हे अनेक हंगाम पीक देणारे शेत आहे. पण ज्याला आजच्या घरभाड्याची भ्रांत आहे तो उद्याच्या हंगामांचा विचार करू शकत नाही. प्रकाशकाचीही एक बाजू आहे, हे मान्य केले पाहिजे. अनेक पुस्तके पडून राहतात आणि तो तोटा त्यालाच सोसावा लागतो. तथापि एकरकमी खरेदीत तोट्याचा धोका जसा प्रकाशकाचा, तसा अनपेक्षित यशाचा सारा लाभही त्याचाच. १९२१ पर्यंत वॉलेसने आपली पुष्कळशी पुस्तके अशीच फुटकळ किमतीला विकली.

त्या वर्षी 'हॉडर अँड स्टॉटन' या प्रकाशनसंस्थेशी करार झाला आणि चित्र पालटले. पुस्तकांची रीतसर जाहिरात होऊ लागली, उचल मिळू लागली आणि मुख्य म्हणजे खपावर रॉयल्टी सुरू झाली. वॉलेसच्या लेखणीला, किंबहुना वाणीला, मग बहर आला. मेणाच्या नळकांड्यांवर तो मजकूर सांगत सुटे आणि टंकलेखक तो उतरवून काढीत. तीन-चार दिवसांत एखादी कादंबरी वा नाटक हातावेगळे होई. १७० च्या वर कादंबऱ्या, सुमारे साडेनऊशे कथा, दीड डझन नाटके असा हा पसारा आहे. त्यात घाईच्या खुणा जागोजाग आढळतात. आफ्रिकेवरील त्याच्या 'सँडर्स'च्या कथांमधली साम्राज्यशाही दृष्टी आज तर खटकल्याशिवाय राहत नाही. परंतु वाचकाला पुढचे पान उलटावयास लावण्याची त्याची हातोटी निर्विवाद होती.

उत्पन्न वाढले तसा खर्च त्याच्याही पुढे धावू लागला. शर्यतीचे घोडे, त्यांच्यावरच्या पैजा, रोल्स-रॉइस गाडी, खेड्यातला प्रशस्त वाडा आणि मित्रांवर मुक्तहस्ते उधळपट्टी! १९३१ मध्ये तो ब्लॅकपूलमधून पार्लमेंटच्या निवडणुकीस उभा राहिला आणि प्रचंड मतांनी पडला. त्याच वर्षअखेर, कर्जाचा बोजा हलका करण्याच्या आशेने, तो हॉलिवूडमध्ये आठवड्याच्या पगारावर पटकथा लिहावयास गेला. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या 'किंग काँग'चा पहिला खर्डा त्याने लिहिला. पण १९३३ मध्ये पडद्यावर आलेला तो चित्रपट त्याच्या दृष्टीस पडला नाही. मधुमेहाने पोखरलेल्या देहाला न्यूमोनियाने गाठले आणि १० फेब्रुवारी १९३२ रोजी तो वारला.

न मोडता येणारी ठेव

त्याची पत्नी व्हायोलेट त्याच्यानंतर चौदा महिन्यांतच, १९३३ च्या एप्रिलात, तेहतिसाव्या वर्षी निवर्तली. तेव्हाही कर्ज पुरते फिटले नव्हते. पतीच्या लोकप्रियतेचे फळ तिच्या वाट्याला आले ते धनकोंच्या तगाद्याच्या रूपाने. तथापि पुस्तके खपत राहिली, कर्ज निवले आणि पुढे वारसांना उत्पन्नही मिळत राहिले. १९५९ पासून पश्चिम जर्मनीत वॉलेसच्या कथांवर एका मागोमाग एक तीसहून अधिक चित्रपट निघाले.

पगारातून भविष्यनिर्वाह निधीची रक्कम कापली जाते म्हणून कुरकुरणारा नोकरदार निवृत्तीच्या दिवशी त्याच कपातीला दुवा देतो. वॉलेसच्या बाबतीत १९२१ नंतर हाती राहिलेल्या हक्कांनी नेमके हेच कार्य केले. जो पैसा हाती आला तो घोड्यांच्या टापांखाली गेला. जो अजून यावयाचा होता तेवढाच वाचला. त्याच्यानंतरच्या लेखकांनी हा धडा लवकर गिरविला. ॲगाथा ख्रिस्तीबाईंनी १९५५ मध्ये आपल्या लेखनाचे हक्क सांभाळण्यासाठी कंपनी स्थापन झालेली पाहिली आणि १९६८ मध्ये तिचे ५१ टक्के भाग 'बुकर' या व्यापारी कंपनीने विकत घेतले. साखरेच्या व्यापारात मुरलेल्या कंपनीला रहस्यकथा ही मालमत्ता वाटावी, यातच सारे काही आले.

लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे हक्क राखणाऱ्या ब्रिटिश कायद्यानुसार वॉलेसचे लेखन २००२ च्या अखेरीस सर्वांसाठी खुले झाले. ७० वर्षांची ही मुदत फार दीर्घ आहे, वारसांपेक्षा कंपन्यांनाच ती अधिक मानवते, हा आक्षेप विचारार्ह आहे. परंतु लेखक हयात असताना त्याचा हक्क त्याच्या हाती राहावा, याविषयी दुमत असू नये. कायदा हक्क देतो, तो टिकवून धरण्याची ऐपत देत नाही. ती ऐपत न्याय्य करारांतून आणि वेळेवर मिळणाऱ्या मोबदल्यातूनच येते. ज्या समाजाला आपले लेखक प्रिय आहेत त्याने ध्वज अर्ध्यावर उतरविण्याआधी या गोष्टीकडे लक्ष पुरविणे अधिक अगत्याचे आहे.