शिक्का नंतर, माप आधी

जून २०२४. अमेरिकेत पाइनहर्स्टच्या मैदानावर ब्रायसन डिशॅम्बो दुसऱ्यांदा यूएस ओपन जिंकला. गोल्फमधल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी ही एक. त्याच्या बॅगेतल्या लोखंडी स्टिका मात्र कुठल्याही नामांकित कंपनीच्या नव्हत्या. ‘अवोडा’ नावाच्या, तोवर फारसं कुणी न ऐकलेल्या एका छोट्या कंपनीने त्या थ्रीडी प्रिंटरवर त्याच्यासाठी काढून दिल्या होत्या आणि नियामकांची मान्यता जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, मास्टर्स स्पर्धेच्याच आठवड्यात मिळाली होती.

त्याहून मोठी गंमत पुढे आहे. गोल्फच्या लोखंडी स्टिका क्रमांकानुसार लहान-मोठ्या असतात: लांबच्या फटक्याला लांब, जवळच्याला आखूड. भौतिकशास्त्र शिकलेल्या या गड्याने सगळ्या एकाच लांबीच्या करून घेतल्या, साधारण साडेसदतीस इंचांच्या. उभं राहायची पद्धत एकच, झोका एकच, बदलतो तो फक्त पात्याचा कोन. दुकानात असा संच मागितला असता तर विक्रेत्याने वेड्यात काढलं असतं.

नांदेड-लातूरकडे गोल्फ बहुतेकांनी टीव्हीवरच पाहिलेला. पण सुटे भाग आणून, स्वतःच्या मापाने हत्यार जुळवून घ्यायचं, त्यावर नाव कुणाचं का असेना, ही कल्पना आपल्या मैदानांवर रोज दिसते. दोन्हींचं नातं तर थेट आहे. ते कसं, ते जरा पुढे.

तीन भाग आणि थोडा डिंक

गोल्फची स्टिक म्हणजे डोकं, दांडा आणि मूठ. डोकं आणि दांडा जिथे भेटतात तिथे एक छोटं प्लास्टिकचं कडं. बस्स. दांडा मापाने कापायचा, टोक खरवडायचं, इपॉक्सी लावून डोक्यात बसवायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. मूठ चढवायची रीत बघण्यासारखी असते. दांड्याला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी गुंडाळतात, तिच्यावर सॉल्व्हेंट ओततात. चिकट पट्टी क्षणात निसरडी होते आणि रबरी मूठ एका दमात सरकन खाली जाते. तेवढ्यात ती सरळ करून घ्यायची. काही तासांत सॉल्व्हेंट उडून जातो आणि मूठ अशी धरते की कापल्याशिवाय निघत नाही.

माप कसं घेतात? माणूस ताठ उभा करायचा, हात मोकळे सोडायचे, मनगटापासून जमिनीपर्यंत टेप लावायचा. उंची सारखी असलेल्या दोघांचे हात सारखे नसतात, म्हणून नुसत्या उंचीवर काम भागत नाही. मग स्टिकच्या तळाला पट्टी चिकटवून एका फळीवरून चेंडू मारायला लावतात. पट्टीवर घासल्याचा डाग मधोमध पडला तर ठीक. टाचेकडे पडला तर स्टिक फार उभी आहे आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जाणार. पुढच्या टोकाकडे पडला तर उलट. डाग पाहून कोन एक-दोन अंशांनी वाकवतात. वजनाचा हिशोब याहून बारीक: डोक्याला दोन ग्रॅम शिसं चिकटवलं, म्हणजे रुपयाच्या नाण्याहूनही कमी, तरी तोलाच्या मापात एक घर बदलतं.

हे सगळं हाताला खरंच कळतं का? १९३० मध्ये एकाच वर्षी त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारा बॉबी जोन्स याने आपल्या स्टिका निव्वळ हातात धरून, हलवून पाहून निवडल्या होत्या. गोल्फवाले सांगतात की पुढे अनेक वर्षांनी त्या यंत्रावर तपासल्या, तेव्हा सगळ्या दांड्यांची कंपनं जुळली, फक्त एकीची नाही. आणि तीच एक आपल्याला कायम त्रास देत होती, असं त्याचं म्हणणं होतं.

मोठ्या कंपन्यांची डोकी येतात कुठून? बरीचशी चीन आणि तैवानमधल्या ओतशाळांतून. एकच ओतशाळा अनेक ब्रँडचा माल ओतते. जाहिरातीचा खर्च नको असणाऱ्या हौशी कारागिरांनी त्यामुळेच सुट्या डोक्यांचा आणि दांड्यांचा बाजार उभा केला.

चेंबूरची सळई

महाराष्ट्रातलं याचं सर्वांत धाडसी उदाहरण मुंबईत चेंबूरला आहे. तिथे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचं हिरवंगार मैदान, शेजारी दाटीची वस्ती. वस्तीतली पोरं क्लबात कॅडी म्हणून साहेबांच्या बॅगा उचलायची आणि खेळ बघून बघून शिकायची. स्टिक घेणं परवडणारं नव्हतं. मग बांधकामाची लोखंडी सळई घेतली, तापवली, ठोकून टोक वाकवलं, मुठीला रबरी नळीचा तुकडा चढवला. चेंडू प्लास्टिकचा, म्हणजे कुणाची काच फुटायला नको. मैदान म्हणजे बोळ, पत्र्यांच्या मधली जागा, गटाराच्या कडेचा पट्टा. पोलिश छायाचित्रकार टोमाश गुडझोवाती यांनी या खेळाचे फोटो काढले आणि जगभर लोकांनी ते पाहिले.

मला या सळईचं अप्रूप वाटतं ते गरिबीमुळे नाही. ती घडवताना त्या पोरांनी माप बरोबर घेतलं. बोळात झोका मोठा घेता येत नाही, म्हणून आखूड. चेंडू हलका, म्हणून पातं बारीक. परिस्थितीच्या मापाची स्टिक ती.

गोल्फमधून आलेला खड्डा

आता ते नातं. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणारे इंजिनियर कार्स्टन सोल्हाइम यांनी आपल्या कॅलिफोर्नियातल्या गॅरेजमध्ये एक पटर बनवला. पटर म्हणजे चेंडू भोकात ढकलायची स्टिक. त्यांचा विचार साधा होता: डोक्याचं वजन मधोमध न ठेवता दोन टोकांना सारलं, तर चेंडू थोडा बाजूला लागला तरी डोकं हातात फिरत नाही. म्हणून मधला धातू काढला. चेंडू लागला की त्यातून ‘पिंग’ असा आवाज यायचा. कंपनीचं नाव तेच पडलं.

मधलं काढा, कडेला ठेवा, ही युक्ती गोल्फमधून क्रिकेटमध्ये शिरली. १९७४ मध्ये ग्रे-निकल्सने पाठीमागे लांबट खड्डा कोरलेली ‘स्कूप’ बॅट बाजारात आणली. मागचं मधलं लाकूड काढून कडा जाड ठेवलेल्या. वीस वर्षांनी, १९९४ मध्ये, ब्रायन लाराने आधी ३७५ आणि मग नाबाद ५०१ केले, तेही स्कूप बॅटनेच.

आणि आज? हिवाळ्यात लोहा, कंधार, औसा, निलंगा, कुठल्याही गावच्या ‘भव्य टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धे’च्या मैदानावर जाऊन उभं राहा. खेळपट्टीवर उतरणाऱ्या पोराच्या हातातली बॅट उलटी करून पाहा. पाठीला स्कूप दिसण्याची शक्यता मोठी. टेनिस चेंडू हलका, त्याला लेदरसारखा दाबाचा फटका लागत नाही, वेगाने फिरणारी बॅट लागते. मग वजन काढायचं, कडा मात्र जाड ठेवायच्या, म्हणजे कडेला लागलेलाही सीमेपार. कॅलिफोर्नियातल्या गॅरेजात सुचलेली युक्ती असा वळसा घेऊन आपल्याकडे पोचली.

हँडल बदलून मिळेल

बॅट ही अखंड लाकडाची वस्तू वाटते, पण तीही जोडणीचीच. पातं विलोचं, हँडल वेताचं. वेताच्या कांड्या उभ्या चिरून, मध्ये रबराच्या पट्ट्या घालून चिकटवतात, म्हणजे फटक्याचा झटका मनगटात येत नाही. हँडलचं खालचं टोक इंग्रजी व्ही अक्षरासारखं निमुळतं तासतात आणि पात्यात तशीच खाच काढून त्यात बसवतात. पाचर घट्ट बसली की नाही यावर बॅटचा सगळा आवाज अवलंबून. ढिली बसली तर चेंडू लागल्यावर ‘टक्’ न येता ‘खट्’ येतो. मग वर दोरा. सरसात भिजवलेला दोरा एकापुढे एक, फट न ठेवता गुंडाळायचा आणि शेवटी ग्रिप. शंकूवरून फुगवून घेतलेली ग्रिप हँडलवर उतरते तेव्हा सुरकुती पडू न देणं हीच कला.

स्पर्धा खेळणारी पोरं म्हणूनच पातं आवडलं तर हँडल मोडलं तरी बॅट टाकत नाहीत, नवं बसवून घेतात. ‘फुल केन’ हँडल मागतात. एकाऐवजी दोन ग्रिप चढवतात, कारण जाड मूठ हाताला बरी वाटते. अंगठा खाली दाबून ‘स्ट्रोक’ बघतात, बॅट खांद्यापर्यंत उचलून ‘पिकअप’ बघतात. वजनकाट्यावर सारख्या भरणाऱ्या दोन बॅटा हातात वेगळ्या वाटतात. वजन खाली असेल तर जड, वर असेल तर हलकी. गोल्फवाले तराजूवर मोजतात तेच हे, फक्त आपल्याकडे मनगट मोजतं.

या कामातलं सर्वांत नावाजलेलं दुकान मुंबईत ग्रँट रोडला, एम. अशरफ ब्रदर्स. तिथल्या अस्लम चौधरींच्या हाताखालून सचिन तेंडुलकरपासून विराट कोहलीपर्यंत अनेकांच्या बॅटा गेल्या. कुणाचं हँडल, कुणाची कड, कुणाचं वजन. जगातल्या सर्वांत महागड्या बॅटा बाळगणाऱ्यांनाही शेवटी तासणारा हात लागतोच. सचिनची बॅट तीन पौंडांहून जड होती. इतकी जड बॅट इतर अनेकांना झेपली नसती, त्याला झेपली. आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत नाव होतं टायरच्या कंपनीचं.

स्टिकरचा धंदा हाच. जालंधर आणि मेरठच्या कारखान्यांतून एकाच हाताने घडलेली बॅट वेगवेगळ्या नावांनी विकली जाते. खेळाडूला आवडलेली बॅट एकाची, चिकटवलेलं नाव प्रायोजकाचं, हेही सर्रास चालतं. घेताना मात्र एक बघाच: ‘पॉप्युलर विलो’ म्हणून जे विकतात ते पॉप्लरचं लाकूड असतं, विलो नव्हे. टेनिस चेंडूला चालतं, लेदर चेंडूपुढे टिकत नाही.

मापाला मर्यादा

१७७१ मध्ये इंग्लंडात व्हाइट नावाचा एक फलंदाज थेट स्टंपांएवढी रुंद बॅट घेऊन मैदानात उतरला. चेंडू जाणार कुठून? तेव्हापासून रुंदी सव्वाचार इंच ठरली, ती आजतागायत तीच. जाडीला मात्र २०१७ पर्यंत मर्यादाच नव्हती. आता कड ४० मिलिमीटर, पाठीचा फुगवटा ६७ मिलिमीटर, यापुढे नाही. २०२५ च्या आयपीएलमध्ये पंच मैदानावरच साचा काढून बॅट त्यातून जाते का पाहायला लागले. त्याच्या खूप आधी, ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीने डिसेंबर १९७९ मध्ये पर्थला ॲल्युमिनियमची बॅट आणली होती. इंग्लंडच्या कप्तानाने चेंडू खराब होतो अशी तक्रार केली, लिलीला बॅट बदलावी लागली, आणि रागाने त्याने ती दूर भिरकावली. पातं लाकडाचंच हवं, हा नियम त्यानंतर आला. गोल्फमध्येही तसंच: बॅगेत १४ हून जास्त स्टिका नाहीत, सर्वांत मोठं डोकं ४६० घनसेंटिमीटरपर्यंत.

हत्यारवाल्यांचे हात

१५०२ मध्ये स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याने गोल्फच्या स्टिका घेतल्या त्या तिथल्याच पर्थ गावातल्या धनुष्य बनवणाऱ्याकडून. १६०३ मध्ये सहाव्या जेम्सने नेमलेला स्टिक-कारागीरही धनुष्यवालाच. लाकूड किती लवतं आणि कुठे तुटतं, हे त्यालाच माहीत.

आपल्याकडे मिरजेला हेच घडलं. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून एकोणिसाव्या शतकात सतार आणि तंबोरे घडू लागले. तंबोराही मापाचा, पुरुष गायकाचा मोठा, बाईचा लहान, कारण स्वर वेगळा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नांदेडला सचखंड गुरुद्वाराच्या परिसरात कृपाणांच्या दुकानांत बोटभर लांबीपासून हातभर लांबीपर्यंत सगळी मापं टांगलेली दिसतात.

लातूरकडे बघायचं तर तालमीत बघा. रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७० मध्ये एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण आणलं. तालमीत करेल, म्हणजे लाकडी मुद्गल, फिरवायची तर ती ज्याच्या त्याच्या ताकदीची लागते, आणि गावचा सुतार ती तशी घडवून देत आला. इंग्रज सैनिकांनी आपले मुद्गल पाहिले, युरोप-अमेरिकेत नेले, आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये ते फिरवण्याची चक्क स्पर्धा झाली.

आता सुट्टीत मुलाला बॅट घेऊन देणार असाल तर एवढं करा. त्याला दुकानात सोबत न्या. वाढत्या अंगाचे कपडे घेतात तशी वाढत्या अंगाची बॅट घेऊ नका. जड, लांब बॅट उचलायला त्याचा खालचा हात जोर लावतो आणि सरळ बॅट आडवी यायला लागते. पायात बूट घालून त्याला उभं करा, बॅट पावलाशी टेकवा, हँडलचं टोक कमरेच्या खाली, मांडीच्या सांध्याजवळ आलं पाहिजे. मग वरच्या एकट्या हाताने उचलायला सांगा. हात थरथरला तर एक नंबर खाली उतरा. उरलेल्या पैशात एक जादा ग्रिप आणि कच्च्या जवसाच्या तेलाची बाटली घ्या. बॅट विलोची असेल तर तेल चोळा, लाकडी हातोडीने कडा हळूहळू गोल करून घ्या आणि मगच तिला लेदर चेंडू दाखवा.