घरचे हसू

पावसाळा उतरला की बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या आमच्या ह्या भागात माणसे सायंकाळी लवकर घरात येतात. प्रार्थना आटोपते, जेवणे होतात, आणि निजेपर्यंतचे दोन तास कसे घालवावेत हा प्रश्न उरतो. यंदा आम्ही असे ठरविले की, रोज रात्री तासभर एखादे विनोदी पुस्तक मोठ्याने वाचावे आणि शनिवारी सर्वांनी एकत्र बसून एक बोलपट पाहावा. त्या वाचनाचा व पाहण्याचा वृत्तांत वाचकांपुढे ठेवीत आहोत. मते आमची आहेत. ती कोणी प्रमाण मानावीत असा आग्रह नाही.

हा बेत ठरण्यास जे कारण घडले ते आधी सांगितले पाहिजे. आमचा एक पुतण्या दोन वर्षे पुण्यास शिकून सुटीत घरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी नेहमीप्रमाणे म्हणाली, "मी देवळाकडे जाऊन येतो." त्यावर तो म्हणाला, "आजी, बाईमाणसाने 'येते' म्हणावे. 'येतो' म्हटले की लोक हसतात." आजी काही बोलली नाही. मात्र त्या दिवसापासून त्याच्यासमोर ती हूं-हां करण्यापलीकडे जाईना. दिवसभर सर्वांशी बोलणारी ती बाई गप्प झाली, आणि घर सुने वाटू लागले. पुढे चौकशी करता कळले की, पुण्यात ह्याने कोणास "काय करूलास?" असे विचारले की बरोबरीची मुले त्याची नक्कल करीत. ते हसू त्याला लागले होते. तेच त्याने घरी आणून आजीच्या पदरात टाकले.

म्हणून पहिले पुस्तक आम्ही मुद्दाम निवडले ते पु. ल. देशपांडे ह्यांचे 'गणगोत'. हे पुस्तक 1966 साली निघाले. पु. ल. काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते, आणि त्या काळातील त्यांचे स्नेही कृष्णराव हरिहर हे ह्या पुस्तकातील 'रावसाहेब' होत. रावसाहेबांची मराठी कन्नडच्या मुशीतून निघालेली. कन्नडात माणसे आणि देवदेवता सोडल्या तर बाकी सारे नपुंसकलिंगी. त्यामुळे मराठीत खुर्ची 'ती' का आणि पलंग 'तो' का, हे कोडे कन्नड बोलणाऱ्यास सुटता सुटत नाही. रावसाहेबांची लिंगे चुकतात, तोंडी शिव्याही येतात, आणि ऐकणारा पोट धरून हसतो. पण लेख संपतो तेव्हा त्या माणसाचे गाण्यावरचे प्रेम आणि मित्रांसाठी तुटणारा जीव हेच मनात राहते. लेखक त्यांच्या बोलण्याला हसतो खरा, पण तो त्यांच्याच ओसरीवर बसून हसतो. आमच्या मते चांगल्या विनोदाची ही पहिली खूण होय. शिव्या मात्र मुले समोर असता वाचणाऱ्याने तारतम्याने गाळाव्यात, एवढे सुचवितो.

दुसरे पुस्तक प्रकाश नारायण संत ह्यांचे 'वनवास'. हे 1994 साली आले. त्यामागून 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' ही तीन निघाली. लेखक कवयित्री इंदिरा संत ह्यांचे चिरंजीव. त्यांचे बालपण बेळगावचे. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणाऱ्या लंपन नावाच्या मुलाच्या ह्या कथा आहेत. एकामागून एक वाचल्या की कादंबरी वाचल्याचे समाधान मिळते. लंपनच्या तोंडी 'मॅड' हा शब्द वारंवार येतो, आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ थोडा निराळा असतो. कन्नड शब्द तर असे सहज येतात की आमच्या घरात कोणालाही अर्थ विचारावा लागला नाही. हसता हसता मध्येच त्या मुलाला आईची आठवण येते, आणि वाचणाऱ्याचा आवाज अडखळतो. ह्याच कथांवरून 2024 साली निपुण धर्माधिकारी ह्यांनी 'लंपन' ही मालिका काढली, आणि त्या वर्षी गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ती सर्वोत्कृष्ट वेब मालिका ठरली. मालिका आम्हाला आवडली. तरी पुस्तक आधी वाचावे, कारण लंपनच्या मनातली बडबड कॅमेऱ्याला पुरती ऐकू येत नाही.

बोलपटांपैकी पहिला मान 'अशी ही बनवाबनवी'ला दिला. 1988 सालचा हा बोलपट सचिन पिळगांवकर ह्यांनी दिग्दर्शित केला, आणि त्याचे मूळ हृषीकेश मुखर्जी ह्यांच्या 1966 मधील हिंदी चित्रपटात आहे. पुण्यात बिऱ्हाड मिळेना, घरमालकीण जोडप्यांवाचून कोणास खोली देईना, म्हणून चौघांपैकी दोघे मित्र लुगडे नेसून बायका होतात. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे ह्यांना पाहून आमच्या घरात धाकट्यांपासून आजीपर्यंत सर्व लोटपोट झाले. त्यातील काही थट्टा आम्हाला हलकी वाटली, हे लपवीत नाही. पण पाया खरा आहे: डोक्यावर छप्पर नसलेल्या गरीब पोरांची अडचण. शिवाय एका खोटेपणापायी दहा खोटेपण करावे लागतात, हा धडा मुलांना आम्ही निराळा शिकवावा लागला नाही.

त्यानंतर परेश मोकाशी ह्यांचा 2009 मधील 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' पाहिला. दादासाहेब फाळके ह्यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' कसा तयार केला, त्याची ही कथा. स्त्रिया कामास मिळेनात, तेव्हा तारामतीचे काम पुरुषालाच करावे लागले. घरातील सामान विकून टाकणारा माणूस आणि त्याला साथ देणारी पत्नी ह्यांची ही हकीकत रडवी होऊ शकली असती. येथे ती हसतमुखाने सांगितली आहे, आणि म्हणून अधिक लक्षात राहते.

परदेशचे एक पुस्तकही आमच्या वाचकांना जवळचे वाटेल. इटलीचे जोव्हान्नी ग्वारेस्की ह्यांचे 'डॉन कामिल्लो' 1948 साली निघाले, आणि 1952 साली त्याचा बोलपट झाला. पो नदीकाठच्या एका खेड्यातील तापट धर्मगुरू आणि तेथील साम्यवादी नगराध्यक्ष ह्यांची ही भांडणे. धर्मगुरू रागावून क्रुसावरील ख्रिस्ताकडे गाऱ्हाणे नेतो, आणि तेथे त्याचेच कान उपटले जातात. भांडणारे दोघे संकटात मात्र एकमेकांस सोडीत नाहीत. लेखकाने स्वतः दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या छावणीत बंदिवास भोगला होता. तरी त्याच्या विनोदाला कडवटपणा शिवला नाही. भाषेवरून आणि सीमेवरून 1956 पासून ताणाताणी पाहिलेल्या आम्हा लोकांना ह्या पुस्तकातून पुष्कळ घेता येईल. शेजाऱ्याशी मतभेद असावा, पण त्याच्या दुखण्याच्या रात्री त्याच्या दाराशी आपण असावे.

आता आरंभीच्या गोष्टीकडे येतो. 'रावसाहेब' वाचण्याची पाळी पुतण्याची होती. पुण्याच्या शुद्ध उच्चारांत तो वाचू लागला, पण कोणी हसेना. दोन पाने झाल्यावर कोपऱ्यातून आजी म्हणाली, "तसं नव्हे रे बाळा. आमच्या पेठेतले शेटजी असंच बोलायचे, ते असं." आणि तिने ते वाक्य हेल काढून म्हणून दाखविले. सारे घर हसले. पुतण्या सर्वांहून मोठ्याने हसला, आणि त्याने पुढचे प्रत्येक वाक्य आधी आजीकडून म्हणवून घेतले. मग आम्ही त्याला एवढेच सांगितले की, कन्नडात पुरुष काय आणि बाई काय, 'नानु बरुत्तेने' असेच म्हणतात; कोल्हापूरकडच्या बायकाही 'येतो'च म्हणतात. पुण्याची मराठी परीक्षेत अवश्य लिहावी. आजीची मराठी घरात जपावी.

वाचकहो, हसू दोन प्रकारचे असते. एक माणसाला गप्प करते, दुसरे गप्प बसलेल्याला बोलते करते. पुस्तक निवडताना आणि बोलपट पाहताना हा भेद ध्यानी ठेवावा, आणि पुस्तक शक्यतो एकट्याने न वाचता घरात मोठ्याने वाचावे. सुटी संपून पुतण्या परत निघाला, तेव्हा उंबऱ्यात उभा राहून त्याने आजीस विचारले, "मी जाऊन येतो. तू काय करूलास?" आजी म्हणाली, "देवळाकडे जाऊन येतो, बाबा."